पाहुण्याचं वजन

"सकाळी काय खाता?" आहाराच्या मॅडमनी विचारलं.

"पाव," काटेवाला म्हणाला.

"दुपारी?"

"सकाळचा उरलेला पाव."

रात्रीचं मॅडमनी विचारलंच नाही. रक्तातल्या साखरेचा कागद समोर होता आणि त्या चष्मा काढून निष्कारण पुसत होत्या. मग त्यांनी एक छापील तक्ता पुढे सरकवला. डावीकडे 'खा': अंडी, मासे, चिकन, चीज, दही, पालेभाज्या, कोबी, मश्रूम, मूठभर बदाम. उजवीकडे 'टाळा': पाव, भात, बटाटा, साखर, फळांचा रस. खाली एक रिकामा रकाना: 'इतर'.

"पहिले काही दिवस डोकं दुखेल. पाणी भरपूर प्या, मीठ अगदीच तोडू नका. आणि जे खाल ते वजनासकट लिहून आणा."

वजनासकट म्हटल्यावर काटेवाल्याची कळी खुलली. तीस वर्षं तो दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे दुरुस्त करत होता. त्याच्या घरात सात काटे होते आणि माणूस एक. वजनाच्या बाबतीत तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता. बाकीच्या बाबतीत त्याला कुणी काही विचारत नसे.

घोळ दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आला. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तो रोज सकाळी कोपऱ्यावरच्या पाववालीकडे जाई.

"नेहमीचा?" ती विचारी.

"नेहमीचा. काटा बरा चालतोय ना?"

"तुमचा हात लागलाय, न चालून सांगतो कुणाला?"

मग ती पाव कागदी पिशवीत घाली, पिशवीचं तोंड दोनदा दुमडी आणि म्हणे, "सांभाळून जा हो." जणू तो बोटीने निघालाय. घर तिथून नव्वद पावलांवर होतं. दिवसभरातलं त्याचं बोलणं म्हणजे एवढंच. गिऱ्हाइकं काटा दाखवत आणि फोनवर बोलत राहत.

डावीकडच्या यादीतलं सगळं मोठ्या दुकानात मिळे. तिथे पैसे यंत्र घेई. "धन्यवाद, पुन्हा या," यंत्र म्हणे. पहिल्या दिवशी त्याने "येईन" असं उत्तरही दिलं. यंत्राने पिशवी उचलायला सांगितलं.

तो अंडी उकडून खाऊ लागला. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, म्हणून मीठ घालून पाणी प्यायला. रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा घशातून आधी नुसती हवाच बाहेर पडली.

"दादा, आवाजाला काय झालं?"

"वापरात नव्हता."

"जेवलास का?"

"दोन अंडी, कोबी, अठरा ग्रॅम बदाम."

"अरे देवा," बहीण म्हणाली आणि तिच्या दारावरची बेल वाजल्यामुळे फोन ठेवला.

सोमवारी तो पाववालीसमोर उभा होता.

"होतात कुठे चार दिवस? नेहमीचा?"

"हो. म्हणजे मला नाही. पाहुणा आलाय. मावसभाऊ."

असा पाहुणा जन्माला आला. पाववालीने त्याची रोज विचारपूस सुरू केली. पाहुण्याला कडा आवडतात का? (आवडतात.) बोलका आहे का? (अजिबात नाही.) इतके दिवस राहून करतो काय? (पडून असतो.) चार वाक्यांची पंधरा झाली. इतकं तर काटेवाला लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

घरी मात्र पाव साचत गेले. टाकवत नव्हते आणि खायचे नव्हते, म्हणून त्याने ते खिडकीपाशी रांगेत मांडले. आणि काटेवालाच तो. रोज सकाळी आधी स्वतःचं वजन करी, मग पावांचं, आणि प्रत्येक पावाखाली चिठ्ठी ठेवी. पाव वाळतो तसा हलका होतो. सर्वात जुना पाव काहीही पथ्य न पाळता चारशेवरून तीनशे दहावर आला. काटेवाला मश्रूम खाऊन खाऊन जेमतेम दीड किलो उतरला होता. त्या पावाबद्दल त्याला थोडा मत्सरच वाटू लागला.

आठव्या दिवशी पाववाली हसत म्हणाली, "माझे पाव खाऊन सुटला असेल तुमचा भाऊ!"

"छे, उलट उतरला," काटेवाला सवयीने म्हणाला. "चारशेचा तीनशे दहा."

"किलो?"

"ग्रॅम."

मागे रांगेत कुणीतरी शिंकलं. वजन खरं होतं, मागे घेता येत नव्हतं. पाववालीने पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि आज "सांभाळून जा" म्हणाली नाही.

दुपारी दुकान बंद करून ती त्याच्या दारात उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं. ती आत आली, खिडकीशी गेली, आठही चिठ्ठ्या वाचल्या.

"यातला पाहुणा कोणता?"

काटेवाल्याने सर्वात जुन्या पावाकडे बोट दाखवलं.

तिने तो उचलून टेबलावर टकटक वाजवला. "बराच थकलाय. तुम्हाला पाव बंद केलाय का?"

"साखर निघाली."

"मग सांगायचं होतंत की! पाव घेतल्याशिवाय मी बोलत नाही, असं वाटलं?"

काटेवाल्याला तसंच वाटलं होतं. त्याने दोन अंडी सोलून तिच्यापुढे ठेवली. तिने उभ्या उभ्याच एक खाल्लं.

"उद्यापासून नुसते येत जा," ती म्हणाली. आठही पाव ओच्यात भरून, चुरा करून वापरते म्हणत ती निघून गेली. खिडकीपाशी आठ चिठ्ठ्या उरल्या. त्या संध्याकाळी घर आदल्या दिवसापेक्षा जास्तच रिकामं वाटलं. एक काटेवाला सोडला तर सगळे पाहुणे निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो नुसता गेला. मागे सातजणांची रांग होती. "नेहमीचा?" असं तिला विचारता येईना आणि काटा बरा चालतोय का, हे त्याच्या तोंडून निघेना. पावाशिवाय सुरुवात कुठून करायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रांगेतला कुणीतरी म्हणाला, "आटपा की हो."

तेव्हा तिने एक रिकामी पिशवी घेतली, तिचं तोंड दोनदा दुमडलं आणि त्याच्या हातात दिली. "सांभाळून जा हो."

नव्वद पावलं तो ती दोन्ही हातांनी धरून गेला. घरी येऊन काट्यावर ठेवली. चार ग्रॅम.

महिन्याने मॅडमनी त्याचा तक्ता पाहिला. साखर उतरली होती. त्यांचं बोट 'इतर' रकान्यावर थांबलं.

"हे रोज सकाळी चार ग्रॅम काय आहे?"

"कागदी पिशवी. रिकामी."

मॅडमनी 'खा'ची यादी पाहिली, 'टाळा'ची पाहिली. पिशवी दोन्हीकडे नव्हती.

"ही बंद करावी लागेल का?" काटेवाल्याने विचारलं. हा प्रश्न त्याने वाटेत तीनदा म्हणून पाहिला होता.

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. "नको," त्या म्हणाल्या. "चालू द्या."