पाण्यात जड

ताईने आतून कडी लावली आणि बाहेरचं बोलणं एकदम थांबलं.

कडी गंजलेली होती. सोळा वर्षांत ती कुणी लावल्याचं तिने पाहिलं नव्हतं. पोहण्याच्या तलावाशेजारी बायकांची कपडे बदलायची लांबट खोली होती, आणि तिच्या कोपऱ्यात दार असलेली ही एवढीच चिंचोळी जागा. इथे बादल्या, झाडू आणि तडे गेलेल्या फोमच्या फळ्या राहायच्या. कपडे बदलायचे ते सगळ्यांनी बाहेर, बाकांजवळ. हा नियम ताईनेच केलेला.

त्याला कारण होतं. अकराच्या बॅचला येणाऱ्या बायका अंगाने भरलेल्या, काही तर चांगल्याच. त्यांच्या मापाचं दुकानात काही मिळायचं नाही, आणि बसमध्ये शेजारी बसणारा आधी सुस्कारा सोडून मगच बसायचा. अशा बायका पाण्यात उतरल्या त्या ताईकडे बघून. एकशे अठ्ठावीस किलोची ही शिक्षिका पहिल्याच दिवशी खोलीच्या मधोमध उभी राहून कपडे काढायची, कमरेवर हात ठेवायची आणि सांगायची, “बघून घ्या एकदा सगळं, मग कामाला लागू.” त्यावर जो हशा व्हायचा, त्यात निम्म्या जणींची लाज तिथल्या तिथे पळून जायची.

आणि आज आठ महिन्यांनी हीच ताई पंचाहत्तर किलोची होऊन परत आली होती, आणि आल्या आल्या दार लावून बसली होती. बाहेरच्या बायका गप्प होणार नाहीत तर काय.

झडपेतून येणाऱ्या उजेडात तिने सदरा काढला. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी नजर गेलीच. पोटाची कातडी सैल होऊन पुढे ओघळली होती. दंडांखाली, मांड्यांच्या आत, पाठीवर कमरेच्या वर तशाच घड्या. घड्यांच्या आत लाल झालं होतं आणि घाम लागला की चुरचुरायचं. डॉक्टरांनी जठर कापून केळ्याएवढं ठेवलं होतं, ते आपलं काम चोख करत होतं. कातडीला मात्र कुणी काही कळवलेलं दिसत नव्हतं. ती अजून त्या जुन्या बाईची वाट बघत अंगावर लोंबत होती.

तिने पावडर लावली आणि नवा कॉश्च्युम चढवला. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, पाठीमागे चेन असलेला. चेनला बांधलेली दोरी खांद्यावरून ओढत तिने तो बंद केला. मग पुन्हा जुन्या सवयी आड आल्या. दार पुरतं उघडलेलं असूनही ती तिरकी होऊन बाहेर पडली. घरीही हेच चालायचं. मोकळ्या जागेतून ती अंग चोरून जायची, आणि नवरा अजून पलंगाच्या अगदी काठावर झोपायचा. मधे तिसरा माणूस आरामात मावला असता. सकाळी त्याने विचारलं होतं, “सोडायला येऊ का?”

“बायकांच्या बॅचला?”

“फाटकापर्यंत गं. तुझा चेहरा बघ जरा.”

चेहऱ्यावर होतं ते खरंच होतं. तिला एकच भीती होती, आणि ती अगदी साधी होती. या बायका आता आपल्याला आपली म्हणतील का? गुडघे गेले होते, साखर वाढली होती, डॉक्टरांनी हातचं राखून न ठेवता, असंच चाललं तर पाच वर्षं, असा हिशेब सांगितला होता. हे सगळं बॅचला सांगता आलं असतं. पण सोळा वर्षं ज्यांना “आहे ते घेऊन पाण्यात उतरा” म्हटलं, त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? “पोटाचं किरकोळ ऑपरेशन आहे” एवढं म्हणून ती गेली होती. सगळ्यांचे फोन आले. फक्त बेकरीवालीचा आला नाही, आणि नेमकं तेच मनाला लागलं.

बेकरीवाली बॅचमधली सगळ्यांत जुनी. ताईपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि आता ताई शर्यतीतून उतरल्यावर वजनातही पहिली. ती पाण्यात खांद्यापर्यंत उभी होती. ताईला येताना बघून ती बाकीच्यांना म्हणाली,

“सरका गं. मॅडम आल्या.”

दहा वर्षांत तिने ताईला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ताईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि शिडीवरून पाय खाली सोडला. पाणी अंगाला लागलं तशी ती दचकली. हे गार पाणी कुठून आलं? इतकी वर्षं बायका कुडकुडायच्या आणि ही त्यांना चिडवायची, “माझ्याकडे बघा, घरचं पांघरूण घेऊन आलेय.” आज दात वाजू नयेत म्हणून तिला जबडा आवळून धरावा लागला.

“बारीक झालात हो ताई,” एक टायपिस्ट होती, ती म्हणाली.

“छान दिसताय,” दुसरी म्हणाली, आणि स्वतःचा टॉवेल काठावर लांब होता तो उगाचच जवळ ओढून घेतला.

नऊ जणींत एक चेहरा नवा होता. जुळ्यांची आई, महिन्यापूर्वी आलेली. काठाचा गज तिने दोन्ही हातांनी असा धरला होता की जणू कुणी तो चोरून नेणार आहे.

“मी नाही तरंगणार,” तिने आधीच सांगून टाकलं. “मी फार जड आहे.”

ताईला जरा बरं वाटलं. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शेकडो वेळा ऐकलेलं, आणि त्याचं उत्तर जिभेवर तयार.

“अगं, जडच तरंगतं. हडकुळ्यांना विचार, त्यांचे हाल. हे बघ.”

आणि नेहमीप्रमाणे ती मागे रेलली. हात पोटावर जोडले, पाय लांब केले. अशीच पडून ती बोलायची. कुणाची सासू कशी आहे, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, सगळं पाठीवर पडल्या पडल्या. पाणी तिला आपल्या घरच्या गादीसारखं उचलून धरायचं. जमिनीवर जगाने काहीही म्हटलं तरी इथे ती हलकी होती, फक्त या एका जागी.

“आता मी काही करतेय का? काहीच नाही. पाणीच—”

आधी टाचा गेल्या. मग गुडघे. मग कमर अशी खाली ओढली गेली की वाक्य पाण्यातच संपलं.

ती खाकरत वर आली तेव्हा बायका खदखदून हसत होत्या. ताईचं नवं नाटक, असंच त्यांना वाटलं होतं. जुळ्यांची आईसुद्धा हसली. ताईही हसली, केस मागे सारले आणि पुन्हा आडवी झाली. या वेळी बोलली नाही. छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, अंग सैल सोडलं. तरी पाय जायचे ते गेलेच. मिटल्या डोळ्यांवरून पाणी गेलं आणि तिला कळलं, की हे आता होणार नाही. पोहता येईल, हातपाय मारून हवं तितकं पोहता येईल. पण नुसतं पडून राहता येणार नाही. आठ महिन्यांत आरसा, कपडे, ताटली, सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की तू बदललीस. पाण्याने सांगितलं ते तिला सहन झालं नाही.

ती दुसऱ्यांदा वर आली तेव्हा कुणी हसत नव्हतं. मागून कुणीतरी तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं होतं.

“श्वास घे आधी,” बेकरीवाली म्हणाली. “कशाला करतेस नसते उद्योग?”

“पाय घसरला,” ताई म्हणाली.

पाण्यात आडवं पडलेल्या माणसाचा पाय कसा घसरतो, ते कुणी विचारलं नाही. उरलेली बॅच तिने काठावर बसून घेतली, गुडघे छातीशी धरून. जुळ्यांच्या आईने त्या दिवशी गज सोडला नाही.

बॅच सुटली. बायका कपडे बदलून, केस पुसून, नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत निघून गेल्या. ताई कोपऱ्यातल्या खोलीत कडी लावून उभी होती आणि तिच्यावर एक भलतंच संकट आलं होतं. थंडीने बोटं बधिर झाली होती. घाईघाईत दोरी ओढताना पाठीवरची घडी चेनमध्ये सापडली होती. वर ओढलं तरी झोंबत होतं, खाली ओढलं तर डोळ्यांतून पाणीच. हात तिथवर धड पोचत नव्हता. नवऱ्याला बोलवावं तर बायकांच्या खोलीत तो येणार कसा? आणि फोन बाहेर बाकावर.

बाहेर कुणीतरी चपला सरकवल्या.

“कोण आहे?”

“मीच,” बेकरीवालीचा आवाज आला. “बाकीच्या गेल्या. तू काय आत बिऱ्हाड मांडलंस?”

ताईने कपाळ दाराला टेकवलं.

“चेन अडकलीय.”

“कशात?”

“माझ्यात.”

“मग उघड की दार.”

दार काही लगेच उघडलं नाही. ताईचा हात कडीवर होता, आणि तिथेच होता. बाहेर बेकरीवाली उभी होती.  शेवटी गंजलेली कडी करकरली.

बेकरीवालीने तिला खांद्यांना धरून उजेडाकडे पाठमोरी केली आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

“हलू नकोस. साबण आणते.”

तिने चेनच्या दातांवर ओला साबण घासला, मग दोन बोटांनी कातडी बाजूला दाबून धरली आणि चेन जराशी, अगदी जराशी खाली केली.

“हळू गं. मैदा नाहीये हा.”

“मैदा जास्त ऐकतो,” बेकरीवाली म्हणाली.

चेन सुटली. ओला कॉश्च्युम खांद्यांवरून खाली आला आणि त्याबरोबर सगळंच उघडं पडलं. दंड, पाठ, पोट, लाल झालेल्या घड्या. ताईने हात छातीशी घेतले. बेकरीवालीने नजर वळवली नाही. सावकाश, काही खरेदी करायला आल्यासारखं तिने सगळं पाहिलं.

“म्हणून होय कडी?”

“म्हणून.”

“आणि मी सगळ्यांना सांगितलं, की हिला आता आपल्यात कपडे बदलायची शरम वाटते.” बेकरीवालीने उलटी बादली पुढे ओढली आणि तिच्यावर बसली. बादली कुरकुरली. “कमाल आहे माझीही.”

“शरम वाटतेच,” ताई म्हणाली. “तुमची नाही. एकशे अठ्ठावीस किलो होते तेव्हा इथे मधोमध उभी राहायचे मी. त्रेपन्न किलो गेले, आणि लाज कुठून आली कोण जाणे.” तिने मान वर केली. “फोन का नाही केलास तू?”

बेकरीवाली हातातला साबण उलटसुलट करत राहिली.

“रागावले होते. पोटाचं किरकोळ ऑपरेशन म्हणे. तुझ्या घराबाहेर मी तुला तिसऱ्या महिन्यात पाहिलं, रस्त्याच्या पलीकडून. पाव फुगतो कशाने आणि बसतो कशाने, एवढं मला कळतं. म्हटलं, मला नाही सांगितलं? मला?” तिने साबण बाजूला ठेवला. “आणि मग माझ्यावर वेळ आली, तर मलाही कुणाला सांगता येईना.”

“कसली वेळ?”

“पुढच्या महिन्याची चौदा तारीख. डॉक्टर तेच, तुझेच. मुलाला अजून बोलले नाहीये.”

ताई खाली बसली, फळ्यांच्या ढिगावर. कॉश्च्युम कमरेशी गोळा झाला होता; तिने तो तसाच राहू दिला. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते, इतकी ती जागा अरुंद.

“खरं सांग,” बेकरीवाली म्हणाली. “डॉक्टरांसारखं नको सांगूस. आता सगळं माहीत असताना परत करशील?”

ताईला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काही एका वाक्यात बसत नव्हतं. आज सकाळी ती तलावाच्या पायऱ्या मधे न थांबता चढली होती. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. कंगव्यात रोज मूठभर केस येत होते. चार घास खायलाही तिला इतका वेळ लागायचा, की नवरा ताटावरून उठायला तिच्यासाठी थांबायचा, आयुष्यात पहिल्यांदा. आणि मघाशी टाचा खाली गेल्या तेव्हा जे वाटलं, ते तर त्यालाही सांगता येणार नव्हतं. बेकरीवाली तिच्याकडे बघत होती. तिचे जाड, गोरे, पिठात राबलेले हात मांडीवर गप्प पडले होते, आणि तिला भीती वाटत होती हे ताईला आत्ता कुठे दिसलं.

“तुला पाय मारता येतात?” ताईने विचारलं.

“पाण्यात? मला कशाला मारायला लागतात? मी आपली पडून असते.”

“उद्यापासून अर्धा तास आधी ये. साडेदहाला. तू आणि मी, दोघीच. गज धरायचा आणि नुसते पाय मारायचे. चौदा तारखेपर्यंत रोज.”

 ताई मघाशी पाण्यात का खाली गेली ते बेकरीवालीच्या ध्यानात आलं असावं, कारण तिने ताईचा गार पडलेला हात धरला आणि सोडला नाही.

“म्हणजे परत करशील,” ती म्हणाली.

“म्हणजे साडेदहाला ये,” ताई म्हणाली.