सोमवारच्या सह्या

माझा आवाज कधी चढत नाही, असं गोडोलीतल्या आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. सोमवारी तर तो निघतच नाही. पहाटे उठल्यापासून बारा वाजताची पूजा होईपर्यंत मी मौन पाळते, त्याला सोळा वर्षं झाली. आणि माझा दीर सह्यांचे कागद नेहमी सोमवारी सकाळीच आणतो, हे कळायला मला तीन वर्षं लागली. हे आठवलं की आधी त्याचाच राग येतो.

जयराज माझा धाकटा दीर. अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे. नोकरी असताना धंदा नावावर करता येत नाही, म्हणून परदेशातून प्रोटीन पावडरी आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या मागवायचा त्याचा धंदा माझ्या नावावर. आयातीचा परवाना माझा, खाद्यपदार्थांचा परवाना माझा, बाटलीवरच्या स्टिकरवर आयातदार म्हणून छापलेलं नावही माझंच, राजेश्वरी मानसिंग शेडगे. पावडरी नेतात ती फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं. गुडघ्यांसाठीच्या कॅल्शियमच्या कॅप्सूल मात्र भजनी मंडळातल्या बायकांना मीच देत होते. "हिरवा ठिपका आहे, बिनघोर घ्या," असं सांगून.

गेल्या गुरुवारी एक रिकामी बाटली फुलवाती ठेवायला होईल म्हणून गरम पाण्यात टाकली. थोड्या वेळानं स्टिकर सुटून वर तरंगला, हिरव्या ठिपक्यासकट. खाली कंपनीचा मूळ मजकूर होता, बारीक इंग्रजीत. मला सगळा लागेना. फोटो काढून शिवांजलीला पाठवला. लेक सांगलीला फार्मसी शिकते. तिचा लगेच फोन आला.

"आई, याचं कवच जिलेटीनचं आहे. जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात ते. यावर मांसाहारीचा तपकिरी त्रिकोण पाहिजे. आणि मूळ मजकूर झाकून स्टिकर लावायचाच नसतो. कुणी लावला हा?"

स्टिकरवर नाव माझं होतं. काय सांगणार?

आठ महिने मी ती कॅप्सूल घेत होते. एकादशीलाही. आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लीलाबाई, गळ्यात तुळशीची माळ, ज्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं नाही, त्यांना मी बाटली आधी देवापुढं ठेवून मग दिली होती.

तेव्हाच जयराजला फोन करता आला असता. केला नाही. सोमवार चार दिवसांवर होता आणि नव्या मालाचे कागद यायचे होते. तो कधी येतो, तेच मला बघायचं होतं.

आला. सोमवारी, साडेआठला.

"वैनी, बसा बसा, उठू नगा. आन् बोलू तर आजिबात नगा, तुमचं मौन मोडल्याचं पाप मला नगं. हितं एक सही, आन् हितं एक."

मी देवघरापुढं पाटावर बसले होते. कागद घेतला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. नवा माल न्हावाशेवाला अडकला होता. बाटल्यांवर शाकाहारी-मांसाहारीची खूणच नव्हती, म्हणून तिथल्या अधिकाऱ्यानं माल थांबवला होता. खूण बंदरातल्याच गोदामात लावता येत होती. पण कॅप्सूलचं कवच कशाचं आहे, ते आधी परवानाधारकानं लिहून द्यायचं होतं. ते टाइप होऊन आलंच होतं. कवच वनस्पतिजन्य आहे, मूळ लेबलवर छपाईची चूक झाली आहे. खाली सहीची जागा, माझी. मागच्या मालालाही असाच कागद गेला असणार, असाच कुठल्यातरी सोमवारी.

मी फुलवातींची बाटली उचलली आणि मूळ लेबल त्याच्याकडं करून कागदावर ठेवली.

जयराजनं बाटली फिरवून लेबल पाहिलं. मग हसला.

"आवं वैनी, जिलेटीन म्हंजे काय मटण हाय व्हय? पापुद्र्याएवढं कवच, पोटात गेलं की इरघळतंय. आन् तुमचा म्हादेव तर मसणात ऱ्हातोय. त्येला कशाचा इटाळ?"

मग तो खुर्चीत बसलेल्या माझ्या यजमानांकडं वळला.

"दादा, तुमी तरी सांगा की!"

माझे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कर की सही. घरचाच माणूस हाय."

वीस वर्षं सरहद्दीवर काढलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात काय शिरतंय ते त्यांना दिसत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि मान हलवली, नाही.

"बघा बरं का," जयराजचा सूर बदलला. "माल परत धाडला, न्हाईतर जाळून टाकला, तर नाव तुमचंच खराब हुणार. परवाना तुमचा हाय."

हे त्यानं मला सांगावं!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बंदरावरचा कस्टमचा एजंट होता. मला ऐकू जावं म्हणून जयराजनं फोन स्पीकरवर टाकला.

"सर, फाइल उघडून बसलोय. मॅडमचा तोंडी होकार कळवा, मी पुढची तयारी करतो. सही नंतर स्कॅन करून टाका."

"मॅडमचं सोमवारचं मौन असतंय," जयराज म्हणाला आणि माझ्याकडं बघून त्यानं डोळा मिचकावला. "गप बसल्यात म्हंजे होकारच धरा."

सासूबाई गेल्या तो सोमवार होता. त्या दिवशीसुद्धा बारा वाजेपर्यंत मी तोंडातून आवाज काढला नव्हता.

"होकार नाही," मी म्हणाले.

यजमानांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"मी राजेश्वरी शेडगे बोलतेय, परवाना माझ्या नावावर आहे. कवच जनावराचं आहे. तपकिरी त्रिकोण लावा आणि मूळ मजकूर झाकू नका. मागच्या मालावर खोटी खूण लावली होती, तेही मी लिहून देते. कुठं पाठवायचं सांगा."

"मागच्याचं कशाला उकरताय, मॅडम?" एजंट चाचरत म्हणाला. "तो माल तर केव्हाच खपला."

"खपला नाही. आम्ही खाल्ला."

जयराजनं फोन बंद केला. "वैनी, धंद्याला कुलूप लागंल!"

"लागू दे."

"आन् मौन? सोळा वर्सांचं मोडलंसा की एका कॅप्सूलपायी!"

"मी नाही मोडलं. तू माझ्या मौनावर सह्या घेत होतास, तेव्हाच मोडलं ते. मला आज कळलं एवढंच."

माझा आवाज तेव्हाही चढला नव्हता. चढायला हवा होता. टाइप केलेल्या दोन्ही ओळींवर मी काट मारली, खाली माझ्या हातानं खरं ते लिहिलं, मागच्या मालाचंही लिहिलं, आणि सही केली. कागदाचा फोटो काढून शिवांजलीला पाठवला. अधिकाऱ्याचा पत्ता शोधून ती थेट तिकडं पाठवणार होती, काकाच्या हातून नाही. मग बाटली घेऊन लीलाबाईंकडं गेले.

त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा हात आधी माळेकडं गेला.

"म्या इचारलं हुतं गं तुला," त्या म्हणाल्या. "दोनदा इचारलं हुतं."

"बाटलीवर हिरवा ठिपका होता, लीलाबाई."

"ठिपक्याला न्हवतं इचारलं. तुला इचारलं हुतं."

त्यांनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी तिथंच उभी राहिले. जयराजचा राग होता, यजमानांचा होता, पण त्या बंद दारापुढं तो सगळा वळून माझ्याच अंगावर आला. तीन वर्षं सह्या करत होते. एकही कागद वाचला नव्हता.

मी बाटल्या दिलेली अजून नऊ घरं होती. मी शेजारच्या दाराची कडी वाजवली.