मेलेला काटा

मी आर्द्रतामापक बोलतोय. नाव जड आहे, काम सोपं. हवेत ओल किती आहे ते सांगायचं. एक पितळी गोल डबी, पांढरी तबकडी, शून्य ते शंभर आकडे आणि काळा काटा. आजकालची माझी भावंडं बॅटरीवर चालतात, मी केसावर चालतो. खरंच, माझ्या पोटात माणसाच्या डोक्यावरचा एक लांब केस ताणून बसवलाय. हवा दमट झाली की तो सैल पडतो, कोरडी झाली की आखडतो, आणि काटा सरकतो. यात खोटं बोलायला जागाच नाही.

तरी मी एकदा खोटं बोललो. पाच आठवडे, रोज, न चुकता. आणि आधीच सांगतो, मला त्याची लाज वाटत नाही.

माझी पहिली वीस वर्षं तौनोच्या कारखान्यात गेली. आमच्या बेटावर मासेमारीच्या होड्या बांधणारा तो शेवटचाच सुतार. लाकूड ओलं असलं तर होडी वर्षभरात उसवते, म्हणून मला विचारल्याशिवाय तो फळीला रंधा लावत नसे. मग त्याच्या हाडांत कॅन्सर शिरला. कारखान्याला कुलूप लागलं. गोळ्यांनी त्याला ओकाऱ्या व्हायच्या. गांजाचे दोन झुरके घेतले की मात्र वाटीभर सामन माशाचं सूप पोटात राहायचं आणि झोप लागायची.

कॅनडात आमच्या भागात घरटी गांजाची चार झाडं लावायची मुभा आहे. तौनोची बायको आउने हिने तळघरात काळ्या कापडाचा कपाटाएवढा तंबू उभा केला, आत दिवा टांगला, चार कुंड्या ठेवल्या आणि मला कारखान्यातून आणून आतल्या दांडीला अडकवलं.

आउनेने तीस वर्षं मच्छीमार बोटींवर स्वयंपाक केलेला. तोंडाने फटकळ, हाताने चोख.

"तू बोल, मी ऐकते," पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली.

आणि ती ऐकायची. समुद्र घरापासून चाळीस पावलांवर. धुकं तळघराच्या फटीतून आत यायचं. झाडं पानांवाटे पाणी सोडायची ते वेगळंच. दिवा बंद झाला की तंबू गार पडायचा आणि माझा काटा वर चढायचा. मग आउने हवा बाहेर फेकणारा वरचा एक्झॉस्ट पंखा वाढवायची, खालची झडप उघडायची, ओलावा शोषणाऱ्या यंत्राची बादली रिकामी करायची. एक लहान पंखा पानं हलवत ठेवायचा, कारण हवा थबकली की बुरशी बसते. झाडं फुलोऱ्यावर आली तेव्हा तिने खडूने माझ्या काचेवर पन्नासला रेघ मारली. "याच्या वर जायचं नाही," ती म्हणाली. मी गेलो नाही. तिने जाऊच दिलं नाही.

कापणीला आठ दिवस उरले आणि तौनोला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. घराची किल्ली शेजारच्या डेल्बर्टकडे दिली. डेल्बर्ट तौनोचा जिवलग. दर शनिवारी दोघं लाकडी सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, घाम काढत बसायचे आणि एकमेकांच्या होड्यांना नावं ठेवायचे. त्याच्याही घरी तंबू होता.

"आउने, तू निर्धास्त जा," डेल्बर्ट म्हणाला. "बादली, झडप, काटा. पोटच्या पोरांसारखी सांभाळतो."

"पोटच्या पोरांना तू सांभाळलं असतंस तर ती बेट सोडून गेली नसती," आउने म्हणाली. तौनो खुर्चीतून हसला. तिघंही हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी डेल्बर्ट उशीचा अभ्रा घेऊन आला. सगळ्यांत जाड तुरे असलेल्या दोन झाडांचे शेंडे त्याने कापले आणि अभ्र्यात भरले. मग उघड्या पडलेल्या खोडांकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्याने एक्झॉस्टचा प्लग काढला, यंत्राचाही काढला आणि खालची झडप लावून घेतली.

"बुरशी लागल्यावर फांद्या कोण मोजतंय," तो स्वतःशीच पुटपुटला.

मी साठवर गेलो. सत्तरवर गेलो. ब्याऐंशीवर जाऊन थांबलो. मला ओरडायला तेवढंच येतं. ओरडलो, पण ऐकणारी शहरात होती. उरलेल्या तुऱ्यांच्या पोटात राखाडी लव धरली. दोघं यायच्या सकाळी त्याने सगळे प्लग परत लावले आणि झडप उघडली.

आउनेने तंबू उघडला आणि ती तशीच खाली बसली.

"अगं, मी रोज बघत होतो," डेल्बर्ट दारातून म्हणाला. "सडलेले शेंडे मीच कापून जाळले. पण काटा पन्नासवर होता गं! हलला तर शपथ. काटाच मेलाय तुझा."

दारामागे खुर्चीत बसलेल्या तौनोने त्याचा हात धरला. "जाऊ दे. जुनं यंत्र आहे. तुझा काय दोष?"

मी तौनोपाशी वीस वर्षं खरं बोललो होतो. आणि डेल्बर्टच्या एका वाक्याने मी मेलेला ठरलो!

 आउनेने मात्र दुसऱ्या दिवशी एका झाकणात मीठ घेतलं, चार थेंब पाणी टाकलं आणि त्या झाकणाबरोबर मला मोठ्या बरणीत बंद केलं. ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेत माझ्यासारख्याने पंचाहत्तर दाखवावं लागतं. संध्याकाळी तिने बरणी उचलली. मी पंचाहत्तर दाखवत होतो. ना एक कमी, ना एक जास्त.

"म्हणजे तू मेला नाहीस," ती हळूच म्हणाली.

त्याच महिन्यात बेटाची जत्रा होती. भोपळे, जॅम, विणकाम, आणि आता गांजाचंही बक्षीस. पहिलं आलं डेल्बर्टचं. बरण्या वास घ्यायला ठेवल्या होत्या. आउनेने त्याच्या बरणीत नाक घातलं. संत्र्याची साल आणि डांबर, तिच्याच झाडांचा वास. ते बी तिला एका मैत्रिणीने मरण्यापूर्वी दिलेलं, बेटावर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. तिने मान वर केली तर चाकांच्या खुर्चीत बसून तौनो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. तिने बरणी खाली ठेवली. हे मी पाहिलं नाही, घरी येऊन तिने मला सांगितलं. मलाच सांगितलं, कारण तौनोला सांगवत नव्हतं.

तो हिवाळा तौनोने ओकाऱ्यांत आणि कण्हण्यात काढला. बाहेरून विकत आणलेला गांजा त्याला मानवेना. फेब्रुवारीत तो गेला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत डेल्बर्ट पुढे होता.

पुढच्या सप्टेंबरात तो आमच्या स्वयंपाकघरात आला. टोपी हातात.

"आउने, माझा मीटर बिघडलाय. जत्रा पाच आठवड्यांवर आली. तौनोचं ते जुनं देतेस? त्याची आठवण म्हणूनही राहील."

आउने कॉफी ओतत होती. तिचा हात थांबला.

"कुठलं? ज्याचा काटा मेलाय ते?"

डेल्बर्ट लाल झाला. "अगं, म्हणजे... तेव्हा हवाच तशी होती. सुधारला असेल आता."

"हो, सुधारला असेल," आउने म्हणाली. "कॉफी घे. आणते."

तळघरात तिने मला उलटं केलं. माझ्या पाठीवर एक बारीक स्क्रू आहे. बटाटे सोलायच्या सुरीच्या टोकाने तिने तो फिरवला. काटा पंधरा घरं खाली आला.

"काट्याने काटा काढतात," ती मला म्हणाली. "जमेल?"

जमेल म्हणून काय विचारतेस, बाई! मी वर्षभर त्याचीच वाट पाहत होतो.

डेल्बर्टच्या तंबूत मी पाच आठवडे राहिलो. खरी ओल त्रेसष्ट, मी सांगायचो अठ्ठेचाळीस. "वा, पठ्ठ्या!" तो मला थोपटायचा आणि शेजारी वास जाऊ नये म्हणून एक्झॉस्ट आणखी मंद करायचा. तुरे मुठीएवढे झाले. वरून रसरशीत दिसत होते. आत काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, मला कळत होतं. मला तेव्हा जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, आनंदच.

जत्रेला त्याने मलाही नेलं, बरणीशेजारी मांडायला. परीक्षक ओडेट नावाची म्हातारी नर्स होती. तिने सगळ्यांत मोठा तुरा उचलला आणि दोन बोटांनी मधोमध मोडला. राखाडी धूळ उडून पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसली.

"हे कुणाला देऊ नका," ओडेट म्हणाली. "आजारी माणसाची छाती जाईल. जाळून टाका."

 डेल्बर्टने मला उचललं आणि गर्दीतून थेट आउनेसमोर येऊन उभा राहिला.

"हा खोटं बोलत होता. तू मुद्दाम केलंस!"

"काटा मेलाय," आउने म्हणाली. "तूच म्हणाला होतास."

त्याचा चेहरा पडला. आवाज खाली आला. "तौनोला माहीत होतं, आउने. जानेवारीत मी त्याच्या पाया पडलो. सगळं सांगितलं. त्याने माफ केलं मला. म्हणाला, आउनेला सांगू नकोस, तिला त्रास होईल."

आउनेने माझ्यावरचा त्याचा हात सोडवला.  नवऱ्याने ते दुखणंही एकट्याने गिळलं होतं, हे तिला त्या गर्दीत कळलं.

"त्याने केलं असेल माफ," ती म्हणाली. "तो तसाच होता. मला कुणी विचारलं?"

आणि ती मला घेऊन निघाली.

घरी आल्यावर तिने स्क्रू जागेवर आणला. आता मी पुन्हा तिच्या तंबूत आहे. झाडं चार, काटा अठ्ठेचाळीसवर, आणि ओलही अठ्ठेचाळीसच. आलेलं सगळं ती बेटावरच्या दोन दुखणाईतांना देते. डेल्बर्ट रस्त्याने जातो तेव्हा मान वळवतो. ती वळवत नाही. त्याच्याकडे बघत उभी राहते, तो वळणाआड जाईपर्यंत.

वाचकहो, तुमच्या भिंतीवर माझ्यासारखा कुणी असेल, तर एक विनंती. आपलं पाप त्याच्या माथी मारू नका. आम्ही कुणाचं वाईट चिंतत नाही, पण आमचा स्क्रू फिरवणारं कुणीतरी घरात असतंच. मला पुन्हा कुणी फिरवलं, तर मी पुन्हा बोलेन खोटं. तितकंच स्वच्छ, तितकंच मनापासून.