भागीच्या मागची भिंत

"हालू नको व भागी. मान वर कर. अजून वर. अन् आता खाली जमिनीकडे पाह्य, पाव्हणे आल्यावर पाहशीन तशी."

मान वर ठेवून जमिनीकडे कसं पाहायचं, हे आनंदाआत्याने सांगितलं नाही. म्हणून भागीरथेने आपलं नाकाच्या शेंड्याकडे पाहिलं. सकाळपासून ती समोरच्या खोलीत लाकडी स्टुलावर बसली होती आणि तिच्या पाठीमागे भिंतीवर हात-हात रुंदीचे चार पांढरे पट्टे वाळत होते. आत्या दारात उभी राहून, एक डोळा मिटून तिच्याकडे बघत होती. वांगं किडकं आहे की काय, हे बाजारात बाया ज्या नजरेने बघतात, अगदी त्याच नजरेने.

"आता तिसऱ्यापुढे सरक."

भागीरथा स्टुलासकट सरकली.

गोष्ट अशी होती की भागीरथेला तेविसावं संपत आलं होतं आणि चार वर्षांत सात ठिकाणचे पाहुणे वडनेरला येऊन, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले होते. एकानेही काही कळवलं नव्हतं. आधी गावाने तिच्या पत्रिकेला दोष दिला. मग घराच्या दक्षिणेकडच्या दाराला दिला. या दिवाळीनंतर मात्र आनंदाआत्या नाचणगावहून आली ती नवाच गुन्हेगार पकडून. पुलगावच्या एका फोटोवाल्याने म्हणे तिला सांगितलं होतं, की सावळ्या माणसाला पांढऱ्याशुभ्र पडद्यापुढे बसवलं की माणूस कोळसा दिसतो.

"आपण उगाच पोट्टीले दोष देऊन राह्यलो, दादा," आत्या भावाला म्हणाली. "दोष भिंतीचा हाय."

आणि भिंत होतीही तशीच. दिवाळीला चुना मारताना भागीरथेच्या वडिलांनी, रूपरावांनी, चिमूटभर टाकायची ती नीळ अख्खी पुडीच बादलीत उपडी केली होती. खोली धोब्याने नुकत्याच आपटलेल्या धोतरासारखी लखलखत होती. रूपरावांनी भिंतीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि बायको गेल्यापासून जे करायचे तेच केलं. बहिणीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटचा मोतीलाल रंगारी सायकलला डबे लटकवून दारात हजर.

मोतीलाल साठीचा होता. त्याच्या नखांत इतक्या वर्षांचा चुना बसला होता की तो हात धुवायचा ते फक्त रीत म्हणून. त्याने चार पट्टे ओढले आणि आत्याला समजावून दिलं, "हा पह्यला ताकासारखा, निव्वळ चुना, यात नीळ नाई का काई नाई. हा दुधाचा. हा ज्वारीच्या पिठाचा, चिमूटभर काव हाय यात, लाल माती. अन् हा सायीचा, रामरज टाकली, पिवळी माती."

"मले तं चारी सारखेच दिसून राह्यले," आत्या म्हणाली.

"ओले हायत, बाई. चुना ओला असला का खोटं बोलते. वाळू द्या."

म्हणून वाळेपर्यंत थांबायचं. वाळल्यावरही थांबायचं, कारण पुलगावचे पाहुणे यायचे ती हिंगणघाटची बस साडेतीनला येते, म्हणजे ते खोलीत बसणार चारला, म्हणजे भागीरथा कशी दिसते ते चारच्याच उजेडात पाहायला हवं. आत्याची अक्कल अशी चौफेर चालायची. भागीरथेने विचारलं, "आत्या, तोवर मी बालवाडीत जाऊन येऊ? पोरं मंदिरापुढे बसली असतीन."

"अन् उन्हात जाऊन अजून काळी होऊन ये."

ती बसून राहिली. मंदिरापुढे बावीस पोरं बसली असतील, त्यातल्या निम्म्यांच्या नाकाला शेंबूड असेल आणि त्यातलं एक तरी रडत असेल, हे तिला इथे बसून दिसत होतं. महिन्याला साठ रुपये मिळायचे. पण ते काही महत्त्वाचं नव्हतं. महत्त्वाचं हे होतं की तिथे ती आत गेली की बावीस तोंडं तिच्याकडे वळायची आणि तिच्या मागे कुठली भिंत आहे हे एकही बघायचं नाही.

आणि म्हणूनच हे पुलगावचं स्थळ तिला हवं होतं. ते कुणी तिला विचारलं नव्हतं, तरी हवं होतं. मुलगा ओमप्रकाश कापडाच्या गिरणीत होता. त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं, की मुलगी बालवाडी चालवते तर लग्नानंतरही चालवावी, आमच्या गल्लीत पोरांची कमी नाही. ती चिठ्ठी भागीरथेने पिठाच्या डब्याआड उभं राहून तीनदा वाचली होती. हे स्थळ हुकलं तर दुसरं तयार होतं. कारंज्याचे प्रभाकरराव, हायवेवर ढाबा, बायको वारलेली, दोन मुलं, वय आत्याच्या मते "काई जास्त नाई". रूपरावांनी बहिणीला शब्द देऊन टाकला होता: पुलगावची ही शेवटची संधी. नाही म्हणाले, की कारंज्याला होकार.

चार वाजले. पट्टे वाळून आपापल्या रंगावर आले. ऊन दारातून तिरपं आत आलं. आत्याने भागीरथेला चारही पट्ट्यांपुढून दोनदा फिरवलं, एकदा डोक्यावर पदर घेऊन, एकदा न घेता. मग निकाल दिला, "सायीचा. यात पोट्टी गव्हाळ दिसते. दादा, पाह्य बरं."

रूपरावांनी दारातूनच पाहिलं. "दिसते," ते म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मोतीलाल कुंचला धूत होता. तो सहज म्हणाला, "तुले कोणता आवडला, पोरी?"

भागीरथा गडबडली. दिवसभर ती चारही रंगांकडे पाठ करून बसली होती. तिने त्यातला एकही पाहिला नव्हता. ती वळली आणि सावकाश, एकेक करून पाहू लागली. आत्या काही बोलणार होती, पण मोतीलालने कुंचला असा झटकला की तिला मागे सरावं लागलं.

"ताकाचा," भागीरथा म्हणाली.

"मलेही थोच," मोतीलाल म्हणाला. "आपला साधा."

"त्यात थे काळी दिसते," आत्या म्हणाली.

"थे हायच की, बाई," मोतीलाल म्हणाला आणि सायीच्या डब्यात कुंचला बुडवला.

पण रामरज आणली होती मूठभर, पाहुणे यायचे होते परवा, आणि आत्याला वायफळ खर्च सोसायचा नाही. पोरगी एकाच भिंतीपुढे बसणार ना, मग चारही भिंती कशाला? मोतीलाल म्हणाला, "बाई, चांगलं नाई दिसत." आत्या म्हणाली, "तुम्ही रंग द्या." त्याने एक भिंत रंगवली आणि अंधार पडायच्या आत सायकल हाणत गेला.

पाहुणे आले. ओमप्रकाश आणि त्याची आई सुलोचनाबाई. ओमप्रकाश चांगला उंच, हसऱ्या डोळ्यांचा, आणि काळाभोर होता. आत्याने त्याला चुकून भागीरथेशेजारच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा भिंतीने त्यालाही उजळवून टाकलं. भागीरथेला हसू आलं. तिने ते खाली, पोह्यांच्या बशीत सोडून दिलं.

सगळं झकास चाललं होतं. नाव झालं, शिक्षण झालं. ओमप्रकाशने विचारलं, "बालवाडीत पोरं किती?" ती म्हणाली, "बावीस. पण येतात सत्तावीस, लहान भावंडं कडेवर असतात." तो हसला, अगदी मोकळं हसला. आत्याने रूपरावांना कोपराने ढोसलं.

आणि सुलोचनाबाईंनी बशी खाली ठेवून खोलीभर नजर फिरवली. तीन भिंती निळसर, लखलखीत. एक पिवळट.

"या एकाच भिंतीले रंग काऊन दिला बाप्पा?"

"ओल आलती," आत्या म्हणाली. उत्तर तयारच होतं. "विहीर हाय ना मागं."

सुलोचनाबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर तळवा टेकवला. शेतकऱ्याघरच्या बाईला ओल आणि कोरडं यातला फरक तळव्याला कळतो. त्या भागीरथेकडे वळल्या.

"ओल आलती का, बाई?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. मान हलवली तरी भागलं असतं. भागीरथेने वडिलांकडे पाहिलं. ते छताच्या पाट्या मोजत होते. ओमप्रकाश तिच्याकडे बघत होता, आणि तिला वाटलं, हा माणूस जन्मभर माझ्याकडे बघणार असेल, तर याला पहिल्याच दिवशी ओलीची गोष्ट कशी सांगू?

"नाई," ती म्हणाली. "ओल नाई आलती. मी उजळ दिसावं म्हणून दिला."

आत्याच्या हातातला पेला खाली टेकला, तो आवाज तेवढा झाला. तेवढा एक क्षण भागीरथेला असं हलकं वाटलं, की जणू मंदिरापुढची सगळी पोरं एकदम उठून पळत सुटली आहेत आणि त्यांना धरायला जायचंच नाही.

"असं होय," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांनी चहा पुरा घेतला, कुंकू लावून घेतलं आणि साडेपाचच्या बसने गेल्या. जाताना ओमप्रकाशने अंगणातून एकदा मागे पाहिलं.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्डच ते, म्हणून पोस्टमनने आधीच वाचलं होतं. त्याने ते भागीरथेच्या हाती न देता ओट्यावर ठेवलं.

'मुलीत नाव ठेवण्यासारखे काही नाही. मुलगी सावळी आहे हे आम्हास पहिल्यापासून ठाऊक होते व त्याची हरकत नव्हती. परंतु जे घर भिंत रंगवून मुलगी दाखविते, ते पुढे काय काय लपवील, असे आमच्याकडील वडीलधाऱ्यांना वाटते. राग नसावा.'

भागीरथेने ते एकदाच वाचलं.

"खरं बोलाची काय घाई होती व तुले?" आत्या म्हणाली. रूपरावांनी दौत घेतली आणि कारंज्याला कार्ड लिहायला बसले.

"बाबा," भागीरथा म्हणाली, "मी बालवाडी नाई सोडणार."

"थे बोलली मी त्याहीच्याशी," उत्तर आत्याने दिलं. "थे म्हणे, दोन पोरं घरीच हायत, थेच तुही बालवाडी."

भागीरथेने वडिलांच्या टाकाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "पाह्याले कधी येतात?"

"कोण?"

"कारंज्याचे."

"थे नाई येत," आत्या म्हणाली, आणि ही बातमी तिला खरोखर आनंदाची वाटत होती. "निरोप आलता त्याहीचा. म्हणे, पाह्यची काई गरज नाई."

माघात लग्नाची तिथी निघाली. त्याआधी कापूस आला. खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली होती आणि नंबर लागायला पंधरा दिवस होते, म्हणून रूपरावांनी समोरच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं, स्टूलसुद्धा, आणि कापूस तिथेच ओतायला लावला. कापूस दाबायला कुणीतरी आत लागतं. भागीरथा पदर खोचून आत गेली. दोन गडी दारातून टोपल्यावर टोपलं ओतत होते आणि ती कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत पायांनी तुडवत होती. कापूस गुडघ्यापर्यंत आला, मग भिंतीच्या अर्ध्यावर. ती त्याच्यावर चढली, तसतशी वर वर गेली. कापसाला लागून मोतीलालची ती भिंत आता हळदीसारखी पिवळी दिसत होती.

दुपारपर्यंत तिचं डोकं छताच्या पाट्यांना टेकलं. तिला वाकावं लागलं. दार बरंच खाली राहिलं होतं, आणि त्यातून रूपरावांचा नुसता आवाज आला.

"भागी, अजून मावते काय व?"

तिने गुडघे टेकले, दोन्ही तळव्यांनी कापूस छताखालच्या सांदीत सारला आणि जागा पाहिली.

"मावते, बाबा," ती म्हणाली. "येऊ द्या."