केरूनानांनी माझा आवाज बंद केला

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, सुजय गेल्याचं मला आणि जितेशला एका फ्लेक्सवरून कळलं.

त्या दिवशी जितेश पेणहून अलिबागच्या दवाखान्यात पोचला, तेव्हा सुजयची खाट रिकामी होती. "नातेवाईक घेऊन गेले काल," एवढंच तिथल्या बाईंनी सांगितलं आणि त्या पुढे गेल्या. जितेशला वाटलं, बरा झाला, घरी नेला असेल. त्याने बाहेर मोसंबी घेतली. मी ज्या पिशवीत होतो तीच पिशवी हँडलला अडकवून त्याने गाडी थेट रोह्याकडे काढली.

सुजयच्या गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली सुजयचा गातानाचा फोटो, हातात मी. त्याखाली शोकाकुल लोकांचे छोटे फोटो, आणि त्यात पहिलाच निलेशचा. निलेश सुजयचा चुलतभाऊ. त्यानेच सुजयला मारलं होतं.

जितेश गाडीवरून उतरला नाही. पाय टेकून तसाच उभा राहिला. मागून एस.टी. हॉर्न देत होती, तरी त्याला गाडी बाजूला घ्यायचं सुचलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. मला आठवतं ते पेणमधलं अब्बासभाईंचं दुकान. तिथे काचेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. सुजय आला, त्याने मला हातात घेऊन तोललं आणि म्हणाला, "हा बरा हाय, वजनदार." तेव्हा तो धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. शिफ्ट सुटली की बेंजो पार्टीत गायचा. हळद असो, साखरपुडा असो, त्याचा आवाज माझ्यातून निघाला की म्हाताऱ्या बायासुद्धा उठून नाचत. कार्यक्रम संपला की तो माझी जाळी पुसून मला रुमालात गुंडाळायचा. एवढी काळजी माझी कोणी घेतली नव्हती.

जितेश पार्टीत बेंजो वाजवायचा आणि एरवी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचा. दोघे पेणला एका खोलीत राहत. लोक त्यांना रूम पार्टनर म्हणत. मित्रांनो, ते नवराबायकोसारखे राहत होते. एकमेकांवर प्रेम करत होते आणि भांडतही होते. सुजयला पंखा जोरात लागे आणि जितेशला थंडी वाजे, यावरून रोज वाद. यात गुन्हा नाही असं कोर्टाने सांगून टाकलं होतं. पण ते कोर्ट दिल्लीला, आणि आमच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या असत कोलाड, नागोठणे, वडखळला.

कोलाडजवळच्या एका गावात केरूनानांच्या पुतण्याची हळद होती. गाणी थांबली तशी केरूनानांची बायको हौसाकाकू पुढे आल्या.

"ए गानाऱ्या, लगीन कदी करतोस? नाव घे कुनाचं तरी. तवर पुढचं गानं नाय."

"काकू, बायको नाय, तर नाव कुनाचं घेऊ?"

"असंल कोन तरी. गालात हसतोयस की!"

सुजयने जितेशकडे पाहिलं. जितेशने मानेनेच नको म्हटलं. सुजयने मला तोंडाजवळ धरलं.

"रोह्याच्या पुलाखाली कुंडलिका वाहते शांत, जितेशरावांचं नाव घेतो, उगा करू नका आकांत!"

मांडवात एकच हशा उठला. हौसाकाकूंना तर हसून ठसका लागला. "अगो बाई, ह्यो तर बेंजोवाल्याचीच नवरी!"

कोणीतरी त्याचं रील केलं. ते मोबाईलवरून मोबाईलवर गेलं. 'ती उखाण्यावाली पार्टी' म्हणून आम्हाला लांबून बोलावणी येऊ लागली. मस्करी वाटत होती तोवर ती सगळ्यांना आवडली. पण निलेशही धाटावलाच कामाला होता. कंपनीच्या गेटवर त्याला रोज कोणी ना कोणी विचारायचं, "काय रे, दाजी बरा हाय ना?"

पुढच्या वर्षी केरूनानांच्या मुलीची, रोहिणीची हळद होती आणि सुपारी आम्हालाच मिळाली. दुपारी मांडणी चालली होती. जितेश वायर आणायला कोलाडला गेला होता. सुजय माझ्यावर "हॅलो, हॅलो" करून आवाज बघत होता. तेवढ्यात निलेश दोन मित्रांना घेऊन आला. त्याने सुजयच्या हातातून मला ओढून घेतलं.

"मस्करी होती म्हन. ह्याच माईकवर म्हन. भोंगे गावाकडं तोंड करून हायेत, ऐकू दे सगळ्यांना."

"दादा, लोकांच्या घरात कार्य हाय. आपण मागून बोलू."

"आत्ता! मस्करी होती, येवढंच म्हन आन् सुट."

त्याने मला सुजयच्या ओठांना लावलं. सुजयचा श्वास माझ्या जाळीत येत होता. एक वाक्य बोलला असता तर तो संध्याकाळी गायला असता, खोलीवर गेला असता, पंख्यावरून भांडला असता.

तो म्हणाला, "मस्करी नव्हती. जितेश माझा मानूस हाय."

हे सगळ्या गावाने ऐकलं.

पहिला ठोसा तोंडावर बसला. त्याचे दात माझ्या जाळीवर आपटले आणि तो आवाज भोंग्यांतून शेतापर्यंत गेला. दोघांनी त्याचे हात मागे धरले. निलेशने मला उलटं पकडलं आणि त्याच्या कानशिलावर मारलं. मग पुन्हा मारलं, त्याच जागी. मी लोखंडाचा आहे, मित्रांनो. सुजयला आवडलं होतं ते माझं वजनच त्याच्या डोक्यात उतरत होतं. माझी जाळी चेपली, तिच्यात रक्त गेलं, आणि बटण चालूच होतं. प्रत्येक घाव भोंग्यांतून वाजत होता. "नको दादा, नको," हेही वाजत होतं. वडे थापणाऱ्या बायांचे हात थांबले. मांडवातली माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. कुठेतरी एक लहान मूल रडायला लागलं.

मग केरूनाना धावत आले. मला वाटलं, वाचलो. ते सुजयच्या अंगावरून पलीकडे गेले, मशीनपाशी पोचले आणि "पाव्हणं यायचं हायेत रे!" म्हणत त्यांनी स्विच बंद केला.

त्यानंतरचे घाव फक्त मी ऐकले.

संध्याकाळी हळद लागली. नागोठण्याहून दुसरी पार्टी आली होती.

स्पीकर उतरवताना सुजय टेम्पोवरून पडला, असं त्याच्या घरच्यांनी पोलिसांना लिहून दिलं. सुजय दवाखान्यात होता, पण शुद्धीवर आला नाही. जितेशला आत सोडत नसत, कारण तो नातेवाईक नव्हता. मांडवातून उचललेला मी त्याच्या पिशवीत असे. रोज काचेतून बघून तो परत येई. फक्त एक दिवस कारखान्यातून सुटी मिळाली नाही, आणि त्याच दिवशी सुजय गेला.

फ्लेक्स पाहिल्यावर जितेश पोलीस चौकीत गेला. त्याने मला टेबलावर ठेवलं. माझी चेपलेली जाळी दाखवली.

"तू कोन त्याचा?" हवालदारांनी विचारलं.

जितेश म्हणाला, "नवरा."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे ठेवून घेतो म्हटलं तरी वस्तू जबाब देत नाय बाबा. ऐकलेला मानूस आण."

तिथून तो केरूनानांकडे गेला.

"नाना, तुम्ही ऐकलंत."

"मी बंद केलं रे."

"बंद करायच्या आधी ऐकलंत."

दारातून हौसाकाकू म्हणाल्या, "ऐकलं, व्हय. मी पन ऐकलं. नाव घ्यायला मीच लावलेलं त्या पोराला."

"तू गप गो! पोरीचं सासर त्या निलेशच्याच गावात हाय."

हौसाकाकू आत गेल्या. जितेशने पाणी मागितलं नाही आणि कोणी दिलंही नाही.

आता मी पेणच्या खोलीत फळीवर असतो. जितेश माझी जाळी पुसत नाही. त्याला ती तशीच ठेवायची आहे. मित्रांनो, वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शाळेत सांगतात, ते खरंच आहे. पण माझं तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. कोणी मार खात असेल आणि त्याचा आवाज तुमच्या कानावर पडत असेल, तर आधी माणसाकडे धावा. आणि जे ऐकलंत ते विचारणाऱ्याला सांगा. मी ऐकलं आहे, पण बटण दाबून कोणी बोलल्याशिवाय मला बोलता येत नाही.

जितेश दर रविवारी कोलाडला जातो आणि केरूनानांच्या ओट्यावर बसून येतो. केरूनानांचा जबाब अजून झालेला नाही. हौसाकाकूंचाही नाही.