उलटा बाक

स्क्रू चिमट्याच्या टोकाशी होता... आणि नव्हता. दिव्याखाली धरला की चमकायचा, चिमटा जरा कलला की दिसेनासा व्हायचा, आणि मग मागे उरायची ती नुसता चिमटा धरून बसलेली एक बाई. समोर मऊ फडक्यावर आईचा चष्मा उताणा पडला होता. त्याची डावी काडी सकाळी आईच्या हातात आली होती. "पाडला नाही गं मी, आपणहून सुटली," आई म्हणाली होती, काडीनंच घर सोडलं असावं अशा सुरात, आणि चरे पडलेला जुना चष्मा नाकावर चढवून पुन्हा भाजी निवडायला बसली होती. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आणि आई चरे पडलेल्या काचांतून जग बघतेय — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणत तिनं स्क्रू भोकात सोडला. या खेपेस तो बसला.

काच जाड होती. आईला लहानपणापासूनच जाड काच. अप्पांचे डोळे मात्र शेवटपर्यंत घारीचे. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्याही ते आईला सुईत दोरा ओवून द्यायचे आणि वर म्हणायचे, "तुझ्या आईला मी कधी नीट दिसलोच नाही, म्हणून तर संसार टिकला." सगळे हसायचे. आई हसायची नाही. अप्पा हसवणारे आणि आई पिशव्या सांभाळणारी, ही वाटणी घरात कुणी केली होती कोण जाणे, पण कुणाची तक्रार नव्हती.

फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. 'जुना काठ' जागा झाला होता. जुना काठ हे त्यांच्या मंडळाचं नाव, आणि मंडळ म्हणजे तरी काय — शहराबाहेरच्या मनोरंजन उद्यानात तळ्याकाठचा जो जुना भाग आहे, त्यावर जीव टाकणारी काही मोठी माणसं, ज्यांच्या घरचे म्हणतात की यांचं वय वाढलं, अक्कल तेवढी पाळण्यात राहिली. उद्यापासून तो भाग बंद होणार होता. घोड्यांचं चक्र रंगवून परत येईल म्हणे, पण बोगद्यातली बोट जाणार. तिच्या जागी वेगानं पळणाऱ्या गाड्या, भिंतभर पडदे आणि हलणाऱ्या खुर्च्या. आज दुपारी शेवटची फेरी, आणि त्यानंतर व्यवस्थापक मंडळाला भेटणार. त्यांनी शब्द दिला होता की जुन्या बोगद्यातली एक गोष्ट, कुठलीही एक, नव्या राइडमध्ये जशीच्या तशी ठेवू. फक्त सगळ्यांनी एकमतानं सांगा.

एकमत! ते असतं तर मंडळ कशाला काढलं असतं? मास्तर, म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, घुबडाच्या बाजूनं होते. बोगद्यातलं लाकडी घुबड बोट पुढे गेल्यावर उशिरा डोळा मारतं, यांत्रिक चूकच ती, पण मास्तरांच्या मते त्या चुकीतच खरी गंमत. नळजोडणीची कामं करणारे, ज्यांना सगळे नळवाले म्हणत, ते एकच वाक्य धरून बसले होते: "पाणी ठेवा. पडद्यावरचं पाणी हाताला लागत नाही." बँकेतल्या कॅशियर बाईंना नवं हवं होतं. "जुनं ते सोनं म्हणत बसलात तर गंज चढेल," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यावरून सकाळपासून रणधुमाळी चालू होती.

आणि ती? तिला मंडळात 'दोनचंद्र' म्हणत.

तेही तिनंच ओढवून घेतलेलं, हात दाखवून अवलक्षण. मंडळात आली त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, बोगद्याच्या शेवटच्या वळणावरचे ते दोन हिरवे चंद्र कधी काढले? मास्तरांनी बोगद्याचा स्वतः काढलेला नकाशा पाठवला. त्यात घुबड होतं, पूल होता, कोळ्याचं जाळं होतं, चंद्र नव्हता. "आकाशात एक असतो," मास्तरांनी खाली लिहिलं, "आपल्या बोगद्यात तोही नाही." मोठी झाल्यावर ती स्वतः कितीदा तरी जाऊन आली, डोळ्यांत तेल घालून बघत बसली. वळणावर अंधार होता. नुसता, स्वच्छ अंधार.

पण होते. मी पाहिलेत ना... पाण्याचा ओला लोखंडी वास, बोट वळणाशी येऊन संथ झालेली, अंधार इतका की आपला हात आपला राहिलेला नाही. रडू अगदी ओठांशी आलेलं. आणि तेवढ्यात समोर, अगदी समोर, हात लांबवला तर लागतील इतके जवळ, हिरवे, थरथरणारे, शेजारी शेजारी दोन. आणि कुजबुज: "घाबरायचं नाही. माझ्याकडे बघ." आणि हसू, दबलेलं, नाकातून निसटलेलं हसू... अप्पांचं. फिरतीची नोकरी होती त्यांची. महिन्यातले थोडेच दिवस घरी, आणि ते दिवसही मित्रांनी, नातेवाइकांनी वाटून घेतलेले. ते गेल्यावर जो तो त्यांचा एकेक किस्सा घेऊन आला, आणि ऐकताना तिला कळत गेलं की तिच्या एकटीच्या वाट्याला आलेले अप्पा म्हणजे एवढेच, एका बोटीतले. ती ते नातेवाइकांना सांगायची, दुकानात मैत्रिणीला सांगायची. आई जवळ असली तर ऐकून घ्यायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. आई बोगद्यात आलीच नव्हती. ती बाहेर बाकावर पिशव्या घेऊन बसली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. आई असायचीच पिशव्यांजवळ.

आज चंद्र सापडले नाहीत तर ते कधीच नव्हते, असं ठरणार होतं. उद्या भिंतीच पाडणार. चष्म्याला नवं घर शोधून तिनं तो त्यात ठेवला, घर पर्समध्ये टाकलं, मालकांना सांगून दुकानातून निघाली.

उद्यानात गर्दी होती. निरोपाला लोक येतातच. एरवी कुत्रं फिरकत नव्हतं तिकडे. घोड्यांच्या चक्रावर आधीच कापड टाकलेलं, त्याखालून लाकडी खूर दिसत होते. रांगेत नळवाले धक्क्याच्या कठड्यावरून वाकून खालचं पाणी बघत होते.

"पंप दमलाय," ते म्हणाले. "आवाज ऐका. तरी ओढतोय बिचारा."

"म्हणूनच म्हणते, सोडा आता त्याला," कॅशियर बाई म्हणाल्या.

"म्हाताऱ्या माणसालाही सोडता का तुम्ही?"

"माझ्या सासूबाईंना विचारून सांगते." नळवाले हसले, बाईही हसल्या, आणि रांग पुढे सरकली.

बोटीत समोरासमोर दोन बाक असत. एक पुढे तोंड करून आणि दुसरा, बोटीच्या पुढच्या टोकाकडचा, मागे तोंड करून. त्याला मंडळात उलटा बाक म्हणत आणि तिथे बसणं म्हणजे कमीपणा समजत, कारण बोगद्यातलं सगळं पुढे बघणाऱ्यासाठी मांडलेलं. उलट्या बाकावरच्याला दिसणार फक्त मागे पडलेला अंधार आणि सोबतच्यांची तोंडं. एक बोट गेली तरी चालेल, पण सरळ बाक सोडायचा नाही, हा मंडळाचा अलिखित नियम होता. आज मात्र बोट सोडणारा माणूस ऐकेना. "दोन्ही बाक भरा, नाहीतर मागच्यांना जागा देतो." थोडी ढकलाढकली झाली. शेवटी मास्तरच पुढे झाले. "बसतो मी. मला डोळे मिटूनही बोगदा दिसतो." आणि ते गुडघे सांभाळत, चष्मा सावरत तिच्या अगदी समोर बसले.

बोट आत शिरली. वास आला... तोच. कोळ्याचं जाळं गेलं, पूल डोक्यावरून गेला, मास्तर न बघता एकेक नाव घेत होते, "आता पूल... आता घुबड," आणि घुबडानं खरंच बोट पुढे गेल्यावर डोळा मारला, तो फक्त मास्तरांना दिसला असावा, कारण ते एकटेच खूश झाले. मग पाणी संथ झालं. वळण. तिनं मान वर करून छत पाहिलं, भिंत पाहिली, पुढचा अंधार पाहिला. काही नव्हतं. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, नव्हतेच. लहान होते मी... आणि तिनं नजर खाली आणली.

समोर दोन हिरवे चंद्र होते.

थरथरत होते, कारण बोट थरथरत होती. शेजारी शेजारी, मध्ये नाकाएवढं अंतर. मास्तरांचा चेहरा अंधारात विरघळून गेलेला आणि उरल्या होत्या नुसत्या दोन काचा, आणि त्या काचांत...

"अरेच्चा," अंधारातून मास्तरांचा आवाज आला, "तुमच्या मागे, त्या दारावर दिवा आहे की. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराचा. हिरवा. इतक्या वर्षांत मी पाहिलाच नाही."

आपण बोललं पाहिजे, तिला वाटलं. जिंकले मी. ओरडून सांगायला हवं, मास्तर, हलू नका, तुमच्या चष्म्यात आहेत. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारी मी, दिवसभर बघते की काचेत दुकानातले दिवे उतरतात, खिडकी उतरते, माझंच तोंड उतरतं... आणि हे मात्र मला सुचू नये. पण चंद्रांना चष्मा लागतो. आणि अप्पांना चष्मा नव्हता.

वळण सरलं, चंद्र विझले. बोटीत कुणीतरी हळूच गाणं गुणगुणत होतं. अप्पा उठले — तिनं ते स्पष्ट पाहिलं — इतकी वर्षं ज्या बाकावर बसले होते त्यावरून उठले, कुरकुर न करता, आणि चालती बोट सोडून उतरून गेले. तिला रडू आलं, आणि त्या रडण्यात थोडा राग होता, तो आईवर का, हे तिला सांगता आलं नसतं. मेलेल्या माणसाकडून एवढंच तर मिळालं होतं. तेही दुसऱ्याचं निघालं.

आणि हसू? ते हसू तिनं आईच्या ओठांवर ठेवून पाहिलं. बसेना. नव्या गिऱ्हाइकाला जुनी फ्रेम बसत नाही तसं, कानामागे टोचायला लागलं. पुन्हा ठेवलं... आई उलट्या बाकावर. म्हणजे घुबड तिच्या पाठीमागे, पूल तिच्या पाठीमागे, पैसे देऊन लोक जे बघायला येतात ते सगळंच्या सगळं तिच्या पाठीमागे, आणि पुढ्यात एकच बघण्यासारखी गोष्ट, एक रडवेली पोर.

बाहेर ऊन होतं. व्यवस्थापक धक्क्यावर उभे होते. सभ्य माणूस, उन्हानं कपाळाला आठ्या. "मग? काय ठेवायचं ठरलं?"

"दोनचंद्रबाई काय म्हणतात?" मास्तरांनी मोठ्या मनानं विचारलं. "सापडले का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.

"उलटा बाक ठेवा," ती म्हणाली.

कॅशियर बाई हसल्या. व्यवस्थापक हसले नाहीत; त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"पण त्यावर कुणी बसत नाही, ताई."

"बसतात."

नळवाल्यांनी पाण्याचं पुन्हा काढलं, मास्तर घुबडावर आले, आणि एकमताचं घोडं तिथेच अडलं. तिनं ते बोलणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. कुणाचाही निरोप न घेताच ती फाटकाकडे निघाली, पर्स छातीशी धरून.

घरी आली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. आई टेबलाशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं घर उघडून चष्मा दिला. आईनं चरे पडलेला उतरवला, नवा दुरुस्त झालेला घातला, काडी दोनदा उघडमीट करून पाहिली.

"आता दिसतंय," आई म्हणाली. "झालं का तुमचं बोटीचं?"

"झालं." ती समोरच्या खुर्चीवर बसली. आईच्या काचांत खिडकी होती, दोन खिडक्या, आणि प्रत्येकीत एकेक लहानसं डोकं. "आई... बोगद्यातलं ते घुबड. तुला आवडलं होतं का गं?"

"मला काय ठाऊक? पाठ होती माझी तिकडे." आईनं उशीचा अभ्रा झटकला, कोपऱ्याला कोपरा जुळवला. "तू हात सोडत नव्हतीस. मागे वळून बघायची सोय नव्हती."

"मग मी एवढी वर्षं अप्पांचं सांगत होते, तू कधी..."

"तुझ्या तोंडून ऐकायला छान वाटायचं," आई म्हणाली, आणि घडी बाजूला ठेवून पुढचा कपडा घेतला.

तिनंही एक कपडा ओढला. हसू कुणाचं होतं ते विचारायचं राहून गेलं, किंवा तिनं राहू दिलं. घड्या घालता घालता तिला तो बाहेरचा बाक दिसत होता, तळ्याकाठचा, झाडाखालचा, ज्याकडे तिनं कधी नीट बघितलंच नव्हतं. बाकावर अप्पा बसले होते. दोन्ही बाजूंना पिशव्या, मांडीवर आईची पर्स. आणि अवतीभोवती हसवायला कुणीच नाही. ते बोगद्याच्या तोंडाकडे बघत होते. घारीचे डोळे, पण आतलं काही दिसत नसणार त्यांना. किती वेळ बसले असतील, काय विचार करत असतील, बोट बाहेर येताना बघून उठून उभे राहिले असतील का... तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. हातातली घडी तशीच अर्धी ठेवून, त्याची ओळख कुठून काढायची याचा ती विचार करत राहिली.