दिनकररावांच्या मनकवड्या खिडक्या

"हे तुम्हां कुणालाही पटणार नाही," मसालेभाताची ताटली गुडघ्यावर टेकवत दिनकररावांनी सुरुवात केली, "पण मगाशी पडद्यावर जे उमटलं, ते मी लिहिलेलंच नाही. ते खिडकीनं आपणहून लिहिलं."

जयपुरातल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन नुकतंच आटोपलं होतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दिनकररावांनी थापांचा एकही हप्ता चुकवला नव्हता, त्यामुळे खुर्च्या आपोआप त्यांच्याकडे सरकल्या. पण आज गंमत नव्हती. पाडव्याच्या कार्यक्रमात मोठा पडदा चालवायचा मान कुणाला, हे अध्यक्ष नंदकिशोरजी आजच ठरवणार होते, आणि त्या मानासाठी दिनकरराव सबंध हिवाळा झुरले होते.

मंडळातल्या आयटीवाल्या निहारनं त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं, हे मूळ पाप. "काका, यात सगळं आपल्या मर्जीनं बदलता येतं," असंही तो बोलून गेला. झालं! लॅपटॉपवरच्या खिडक्यांच्या माथ्यांना गुलाबी रंग चढला, मागे सांगानेरी छापील कापडावरचे बुट्टे आले, बंद करायचं बटण डावीकडे गेलं, कारण उजवीकडे काय, सगळ्यांचंच असतं. खिडकी ओढली की जेलीसारखी डुलायची. माथ्यावर दोनदा टिचकी मारली की बांबूच्या चिकाच्या पडद्यासारखी गुंडाळून वर जायची. आणि सर्वांत थोर सुधारणा म्हणजे क्लिकचे कष्टच नकोत. माउसचा बाण ज्या खिडकीवर, टाइप केलेलं सगळं तिच्या पोटात. वाचलेले क्लिक ते कुठे गुंतवणार होते, देव जाणे.

आज परीक्षा म्हणून मोठा पडदा त्यांच्याच लॅपटॉपला जोडला होता; पडद्यावर अध्यक्षांचा अहवाल होता आणि लॅपटॉपवर दिनकररावांच्या खासगी गप्पांची खिडकी. मान खाली घालून, एकेक अक्षर हुडकत ते बायकोला निरोप धाडत होते. कोपराच्या धक्क्यानं बाण केव्हाच अहवालावर जाऊन बसला होता. 'मंडळाची प्रगती' या मथळ्याखाली टपोऱ्या अक्षरांत उमटलं: 'मंजे, हा माणूस आवरतं घेईना. भात गार होतोय. खोकून बघ.'

"खिडकीनं लिहिलं? मतलब, कसं काय काका?" निहारनं विचारलं.

"बुट्टे बाबा, बुट्टे! सांगानेरला कापड छापणाऱ्या म्हाताऱ्या छिप्याकडचे ठसे. त्यानं बजावलं होतं, साहेब, हे ठसे माणसाच्या मनातलं छापतात. मी हसलो. बुट्टे थीममध्ये घातले मात्र, खिडक्या मनकवड्या झाल्या! कानोत्याच्या धरणावर लॅपटॉप नेला, तर वाऱ्यानं खिडक्या अशा डुलल्या की बॅटरी भरून वाहायला लागली."

"वाऱ्यानं?"

"तुमच्या पिढीला श्रद्धा म्हणून नाही. आज सभागृहात कुणाच्या तरी मनात आलं, खिडकीनं ते टिपलं. मी बापडा नुसता बसलो होतो."

नंदकिशोरजींनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे माझं भाषण लांबलं असं इथे कुणाला तरी वाटत होतं?"

सगळ्यांना एकदम आपापल्या ताटलीतले काजू शोधायची निकड लागली.

"असेल कुणी कृतघ्न," दिनकररावांनी सुस्कारा सोडला. "नाव कशाला घ्या?"

अध्यक्षांचे डोळे बारीक झाले. मंडळाची निवडणूक जवळ आली होती, आणि लोकांच्या मनातलं छापून देणारं यंत्र काही रोज चालून येत नाही.

"दिनकरराव," ते हळूच म्हणाले, "पाडव्याला पडदा तुमच्याचकडे ठेवावा म्हणतो."

दिनकररावांची छाती वीतभर फुगली. आभाराचं पहिलं वाक्य ओठांवर आलं, तोच मागून मंजुषाबाई ताकाचा जग घेऊन पुढे झाल्या.

"थापा! नुसत्या थापा! अहो, मला 'मंजे' म्हणायची त्या खिडकीची हिंमत कधीपासून झाली? या जगात एकटे तुम्ही म्हणता तसं, आणि तेही पोटात कावळे ओरडायला लागले की!"